हुमनाबादकर मॅडम आणि आडवे पडलेले फोटो

"आधी जमीन कुठंय ते सांगा!"

हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या आमच्या ऑफिसात कुणीही कसलाही फोटो पुढं केला की हुमनाबादकर मॅडमचा पहिला प्रश्न हाच. फोटो गळक्या छताचा असो, पाहुण्यांच्या मुंजीचा असो नाहीतर कुणाच्या नव्या गाडीचा, त्यांचं आधी जमिनीकडे लक्ष. जमीन खाली दिसली की चेहरा खुलायचा. "हां, आता बोला."

आमचं ऑफिस म्हणजे स्टेशनजवळच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. जुन्या इमारती तपासायच्या, त्या राहण्याजोग्या आहेत का, दुरुस्ती कुठं लागेल, याचा अहवाल लिहून द्यायचा, हे काम. मालक रेड्डी सर. साइटवर जाऊन मापं घेणारी, फोटो काढणारी सुजाता. ड्रॉइंग आणि अहवालाची जुळवाजुळव माझ्याकडे. आणि सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेल्या हुमनाबादकर मॅडम. निवृत्तीनंतर परत नोकरी कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "अरे माधव, जन्मभर भिंती तपासल्या. आता घरच्या भिंती सगळ्या तपासून झाल्या. पुढं काय करू, त्यांच्याकडे बघत बसू?"

बुटक्या, जराशा स्थूल, सुती साडी आणि खाली पांढरे स्पोर्ट शूज. माझ्याशी मराठी, सुजाताशी तेलुगू, गवंड्यांशी दखनी. पण काही आवडलं की तिन्ही भाषा एकाच वाक्यात यायच्या. "माधव, चूडु, क्या बढिया कमान दिसायलीय बघ!" त्यातलं 'चूडु' म्हणजे तेलुगूत 'बघ'. म्हणजे एकाच दमात दोनदा बघायला सांगायच्या, आणि बघावंच लागायचं, कारण तोवर माझी बाही त्यांच्या मुठीत असायची.

त्या आल्या त्या सुमाराला आम्ही कागदी टिपणं सोडून संगणकावर टिपणं ठेवायला लागलो होतो. साइटवरून सुजातानं फोनवर फोटो काढायचे, ते टिपणांच्या, म्हणजे नोटांच्या, सॉफ्टवेअरमध्ये चिकटवायचे, खाली दोन ओळी लिहायच्या. ऑफिसात बसून आम्ही त्या वाचायच्या. सोय मोठी, पण एक कटकट होती. फोनमध्ये उभा दिसणारा फोटो तिथं चिकटवला की कधी कधी आडवा पडायचा. खांब झोपलेले, जिना भिंतीवर चढलेला, वॉचमन हवेत काटकोनात. आम्हाला त्याची सवय झाली होती. रेड्डी सर मान उजव्या खांद्यावर टाकून वाचायचे, मी डाव्या.

मॅडमनी पहिल्या दिवशी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्हा दोघांच्या मानेला काय झालंय?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग सरळ करा ना फोटो."

"होत नाही मॅडम. सॉफ्टवेअरच तसं आहे."

"कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही तसं मानून चाललो होतो. मॅडमनी लॅपटॉप ओढला आणि बसल्या. दुपारचा डबा तसाच राहिला. कुठल्या तरी मेनूत जाऊन परत येत होत्या, स्वतःशी पुटपुटत होत्या, मधेच लॅपटॉपच उभा धरून बघत होत्या. चहाच्या सुमाराला त्या ज्या ओरडल्या, ते ऐकून शेजारच्या वकिलांचे कारकून धावत आले. झालं काय होतं, तर फोटोवर उजवं बटण दाबलं की जी यादी उघडते, तिच्या अगदी तळाशी 'फिरवा' असा शब्द होता. तिथवर खाली आम्ही कुणी गेलोच नव्हतो. एकदा दाबलं की फोटो पाव वळण घेतो. मॅडमनी दाबलं आणि आमच्यासमोर एक आडवा पडलेला जिना उठून उभा राहिला.

"उठला! उठला!" त्या टाळ्या वाजवत होत्या. "रेड्डीगारू, या, मान सरळ करा आता."

त्या आनंदात त्यांनी खालच्या गाड्यावरून सगळ्यांना मिरची बज्जी मागवली. वकिलांच्या कारकुनांनाही. त्यांना कशाबद्दल खातोय ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यांनी खाल्ली.

पुढचे काही दिवस मॅडमना दुसरं काही सुचत नव्हतं. जुन्या नोटा उघडून एकेक फोटो उभा करायच्या. उत्साह इतका की एकदा एका छताचा फोटो त्या फिरवतच राहिल्या. पाव वळण, अर्धं, पाऊण, परत पहिल्या जागी. शेवटी हसायलाच लागल्या. "हौ रे, छताच्या फोटोत जमीन कुठून येणार? मीच खुळी!" स्वतःच्या खुळेपणाची गोष्ट त्यांनी मग दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितली, अगदी पाण्याचे जार आणणाऱ्यालासुद्धा.

सुजातानंही हे फिरवणं उचललं, पण एकदा घाईत तिनं 'फिरवा'च्या ऐवजी शेजारचं 'उलटवा' दाबलं. फोटो सरळ दिसायला लागला, पण दुकानाच्या पाटीवरची अक्षरं आरशातल्यासारखी झाली आणि डावीकडची ओलसर भिंत उजवीकडे गेली. मॅडम तिला रागावल्या नाहीत. दोन्ही हात वर करून तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "बघ हं. हा माझा उजवा हात. असा फिरवला, तसा फिरवला, खाली डोकं वर पाय केला, तरी उजवाच राहतो. आता आरशात बघ." तिला हाताला धरून बेसिनच्या आरशापुढं नेलं. "झाला की नाही डावा? फिरवलेली भिंत आपली राहते. उलटवलेली भिंत शेजाऱ्याची होते. मग दुरुस्ती करायची शेजाऱ्याच्या घरात!"

सुजाता खुदकन हसली. तिच्या हातून ती चूक पुन्हा झाली नाही. मी मात्र त्यानंतर कितीतरी दिवस बेसिनपाशी हात धुताना उजवा-डावा तपासायचो.

मॅडमच्या खांद्याला लटकलेल्या पर्समध्ये लवंगांची डबी, छोटी टॉर्च आणि पितळी ओळंबा असायचा. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं टोकदार वजन, भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी वापरतात ते. मेट्रोत तपासणीच्या यंत्रावर ते दिसलं की पर्स उघडायला लावत. एकदा मी बरोबर होतो. नव्या शिपायानं तो पितळी गोळा हातात घेऊन विचारलं, "ये क्या है अम्मा?"

"सच बोलनेवाला गोला," मॅडम म्हणाल्या. आणि मागं रांग खोळंबलेली असताना त्यांनी दोरी सोडून तिथल्या खांबाची परीक्षा घेतली. खांब उत्तीर्ण झाला. शिपाई इतका खूश झाला की त्यानं दुसऱ्या खांबाकडे बोट दाखवलं. "वो भी देखो ना अम्मा." आमची गाडी निघून गेली.

हे सगळं सांगताना मला त्या हसतखेळत राहणाऱ्या बाई वाटतात, आणि त्या तशा होत्याच. पण त्यांचा तो उत्साह म्हणजे काय चीज होती, ते मला सुलतान बाजारच्या भिंतीनं दाखवलं.

दसरा जवळ आला होता. सुलतान बाजारातल्या एका गल्लीत जुनी एकमजली माडी होती. खाली साड्यांचं दुकान, वर रझिया आपांचा शिवणक्लास. दुकानाचे मालक सेठजी, त्यांनी इमारत तपासून मागितली होती. गच्चीवर नवी पाण्याची टाकी बसवली होती आणि मागच्या भिंतीला एक भेग दिसत होती, एवढीच त्यांची तक्रार. रेड्डी सर समोरून इमारत पाहून आले होते. मागचा बोळ इतका अरुंद की त्यात सुजाताच कशीबशी शिरली. तिनं भेगेचे अगदी जवळून फोटो काढले, नोटेत चिकटवले आणि भावाच्या लग्नासाठी गावी निघून गेली. तिचा फोन लागत नव्हता.

रेड्डी सरांनी फोटोंवरून अहवाल लिहिला. भेग उभी, गिलाव्यातली, केसासारखी बारीक. सवडीनं भरून घ्यावी, तातडीचं काही नाही. फोटोत भेग वरून खाली सरळ जाताना दिसत होती, त्यामुळं मीही तसंच टाइप केलं. सगळं तयार झालं. पाठवण्याआधी मॅडमनी सवयीप्रमाणे लॅपटॉप पुढं ओढला.

"जमीन कुठंय?" त्या म्हणाल्या.

"जवळून काढलाय मॅडम. नुसती भिंत आहे. जमीन दिसत नाही."

त्या चष्मा वर करून नाक पडद्याला लागेल इतक्या जवळ गेल्या. फोटोत भेगेशेजारी चुन्याचा एक पांढरा ओघळ होता. रंगकाम करताना सांडलेला, जाड सुरू होऊन बारीक होत गेलेला. तो डावीकडून उजवीकडे गेला होता.

"माधव," त्या हळू म्हणाल्या. त्या हळू बोलल्या म्हणजे काहीतरी बिनसलं असणार, कारण तसं कधी व्हायचं नाही. "चुना आडवा वाहतो का रे?"

त्यांनी उजवं बटण दाबलं, खाली गेल्या, 'फिरवा' दाबलं. ओघळ वरून खाली आला. आणि त्याच्याबरोबर भेग आडवी झाली. फोटोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पट्टीनं रेघ मारावी तशी आडवी.

रेड्डी सर उठून उभे राहिले. आम्हा तिघांनाही कळत होतं. गिलाव्यातली बारीक उभी भेग म्हणजे बहुतेक वेळा म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरची सुरकुती. पण अशी लांब आडवी भेग आली म्हणजे भिंत मधूनच वाकायला लागली असण्याची शक्यता.

"उद्या सकाळी मी जातो," सर म्हणाले. "आत्ता दुकानात पाय ठेवायला जागा नसेल."

"म्हणूनच आत्ता," मॅडम म्हणाल्या आणि शूजच्या नाड्या आवळू लागल्या.

सरांनी तो अहवाल बाजूला ठेवला आणि मला म्हणाले, "लॅपटॉप घे. जा त्यांच्याबरोबर. मी टेकूची सोय बघतो."

रिक्षा सुलतान बाजाराच्या अलीकडेच अडकली. मॅडम उतरून चालू लागल्या. चालू कसल्या, गर्दीतून सुसाट निघाल्या. कापडाचे ढीग, बांगड्यांचे ठेले, भाव करणाऱ्या बायका, सगळ्यांमधून त्यांची पांढऱ्या शूजची जोडी पुढं आणि मी लॅपटॉप छातीशी धरून मागं. "बाजू, बाजू! अम्मा, जरा बाजू!" त्यांचे डोळे चमकत होते. मी घाबरलो होतो आणि त्या मात्र जत्रेला निघाल्यासारख्या दिसत होत्या.

त्या थेट जिना चढून वर गेल्या. क्लास चालू होता, मशिनी खडखडत होत्या. रझिया आपा मानेभोवती टेप टाकून एका बाईला गळा कापायला शिकवत होत्या. मॅडमनी मागची खिडकी उघडली, पर्समधून ओळंबा काढला आणि दोरीचं टोक आपांच्या हातात दिलं.

"आपा, ये ऐसाच पकडो. हिलाना नक्को."

"क्या हुआ अम्मा?" आपांनी विचारलं, पण दोरी घट्ट धरली. टेलरिंग करणारा हात, जराही हलला नाही.

आम्ही खाली बोळात शिरलो. मला आडवं होऊन सरकावं लागत होतं. वर खिडकीतून दोरी सोडलेली होती. भिंत सरळ असती तर दोरी तिच्यापासून सारखीच दूर राहिली असती. इथं मध्यावर भिंत दोरीला टेकली होती आणि खाली परत लांब गेली होती. भिंतीला पोट आलं होतं. टॉर्चच्या उजेडात ती भेग बरोबर त्या पोटावरून गेली होती.

मॅडमनी तळहात भिंतीवर ठेवला. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग वर तोंड करून म्हणाल्या, "आपा, मशिनां वैसेच रहने दो. सबको लेके आरामसे नीचे उतरो. सामने के जीने से. दौडना नक्को, एकेक करके."

वर खडखडाट थांबला. मग जिन्यावरून चपलांचे आवाज ऐकू आले.

खरी लढाई खाली होती. दुकानात दसऱ्याचं गिऱ्हाईक उसळलं होतं. मागच्या भिंतीला लागून साड्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचले होते. सेठजी गादीवर बसून एकाच वेळी तिघांशी बोलत होते. मॅडमनी दुकान आत्ताच्या आत्ता रिकामं करा म्हटल्यावर त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"मॅडम, सीझन है! साल भर का धंदा इन्हीं दिनों में है. दिवाली के बाद जो बोलेंगे वो करूँगा."

मॅडमनी माझ्या हातातला लॅपटॉप घेऊन गादीवरच्या साड्यांवर ठेवला. पहिल्यांदा फोटो आडवा होता तसा दाखवला. "ये देखे?" मग फिरवला. "अब ये देखो."

"ये दूसरी फोटू है?"

"नहीं सेठजी, वहीच है. सोई हुई थी, मैं उठाई." त्यांनी त्या ओघळावर बोट ठेवलं. "ये चुना देखो, किधर गिरा."

सेठजी वाकून बघू लागले. मग त्यांनी स्वतः बोटानं ओघळाचा माग काढला, नंतर भेगेचा. त्यांच्या बाजूला एक उघडलेली साडी होती. तिच्या काठाकडे त्यांनी एकदा बघितलं, परत पडद्याकडे बघितलं.

"कापडाचं थान आडवं धरलं की उभे पट्टे आडवे दिसतात," ते हळूच मराठीत म्हणाले. हैदराबादचा व्यापारी, गिऱ्हाइकाची भाषा त्याला येतेच. "आडवं धरून बघत होतो आपण."

"हौ, तेच."

सेठजी गादीवरून उठले आणि त्या गर्दीत हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "माताओं बहनों, दुकान बंद हो रही है. माफ करना." एक बाई अर्धी साडी खांद्यावर टाकून तशीच उभी होती. तिला त्यांनी स्वतः दारापर्यंत पोचवलं.

रेड्डी सर अफझलगंजकडून लाकडी बल्ल्या आणि माणसं घेऊन आले. टाकी रिकामी केली, छताला टेकू लावले, गठ्ठे बाहेर काढले. उजेड होता तोवर मुख्य काम उरकलं. दुसऱ्या दिवशी गवंड्यानं भेगेवरचा गिलावा अलगद काढला. आतल्या बाजूच्या विटा आणि बाहेरच्या बाजूच्या विटा एकमेकींपासून सुटल्या होत्या. मॅडमनी साडीचा पदर खोचला आणि त्या फटीत हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला.

सेठजी तिथंच एका गठ्ठ्यावर बसले. त्यांच्या पलीकडे रझिया आपा उभ्या होत्या. त्या नुसत्या वर क्लासच्या खिडकीकडे बघत होत्या, जिथून त्यांनी दोरी धरली होती.

संध्याकाळी परतताना मी विचारलं, "मॅडम, भीती नाही वाटली?"

"वाटली की!" आणि लगेच डोळे मोठे करून म्हणाल्या, "पण माधव, काय मजा आली रे! एवढ्याशा ओघळानं केवढी भिंत बोलती केली!" थोडं पुढं गेल्यावर म्हणाल्या, "वाकडा दिसणारा फोटो कुणीही सरळ करतं. पडलेला असून उभा वाटतो ना, तो खरा फसवतो."

सुजाता गावाहून आली तेव्हा सगळं ऐकून रडायलाच लागली. मॅडम म्हणाल्या, "अगं तू त्या बोळात शिरलीस, फोटो काढलास, म्हणून तर कळलं. आम्ही कुणी शिरलो असतो का त्यात? चिकटवताना तो झोपला, त्यात तुझा काय दोष?" आणि त्याच दिवशी त्यांनी नवा नियम केला. फोटो काढायच्या आधी भिंतीवर खडूनं वर जाणारा एक बाण काढायचा. सुजाताच्या पर्समध्ये तेव्हापासून खडू असतो. आम्ही आजही तो बाण काढतो.

नवी भिंत संक्रांतीच्या सुमारास उभी राहिली. रझिया आपांचा क्लास परत वर गेला. त्यांनी मॅडमच्या ओळंब्यासाठी मखमलीची छोटी थैली शिवून आणली, आतून अस्तर लावून. मॅडमना ती इतकी आवडली की आठवडाभर त्या प्रत्येकाला थैली दाखवत होत्या आणि आतला ओळंबा दाखवायला विसरत होत्या.

त्यानंतर वर्षा-दीड वर्षानं त्या बंगळुरूला मुलीकडे राहायला गेल्या. गुडघे दुखायला लागले होते, मुलगी ऐकेना. निघायच्या दिवशी आम्ही सगळे काचीगुडा स्टेशनवर गेलो. रेड्डी सर होते, सुजाता होती. रझिया आपा डब्यात खुबानीचा, म्हणजे जर्दाळूचा, गोड पदार्थ करून घेऊन आल्या होत्या. सुजातानं रुमाल काढून ठेवला होता. मी मनात दोन वाक्यं जुळवून ठेवली होती, खिडकीतून सांगायची म्हणून.

मॅडम आत जाऊन बसल्या. समोर एक अनोळखी कुटुंब होतं, नवरा-बायको आणि म्हातारी आजी. आम्ही खिडकीपाशी जाईपर्यंत मॅडमनी त्या आजींचा हात धरला होता आणि रुळांच्या पलीकडे नव्या बांधल्या जाणाऱ्या पुलाकडे बोट दाखवत होत्या. लोखंडी तुळई नुकतीच वर चढवलेली होती, तिच्यावर ऊन पडलं होतं.

"चूडु, चूडु! कशी उचलून ठेवलीय बघा!"

आजीबाई बघत होत्या. मग त्यांचा मुलगा बघू लागला, सून बघू लागली. गाडी हलली. आम्ही चौघांनी हात हलवले. खिडकीत चार माना पुलाकडे वळलेल्या होत्या, आणि सगळ्यात पुढं, गजांना नाक लावून, हुमनाबादकर मॅडमची. आमच्याकडे बघायचं त्यांच्याकडून राहूनच गेलं.